एलीकुट्टीचा बायस्टँडर

आमच्या तिरुवनंतपुरमच्या इस्पितळात पेशंटचं दुखणं नंतर विचारतात. आधी विचारतात, "बायस्टँडर कोण?" इंग्रजी शिकलेल्या माणसाला बायस्टँडर म्हणजे अपघात झाल्यावर हाताची घडी घालून बघत उभा राहणारा, एवढंच ठाऊक असतं. पण हा शब्द मल्याळममध्ये आला, त्याने लुंगीसारखा मुंडू गुडघ्यावर खोचला आणि कामाला लागला. इथे बायस्टँडर म्हणजे पेशंटच्या उशाशी बसणारा, थर्मासमधून गरम पाणी आणणारा, औषधाच्या रांगेत ताटकळणारा आणि रात्री खाटेखाली चटई पसरणारा घरचा माणूस. तो नसेल तर खाट मिळत नाही.

ज्यांना घरचा माणूस नसतो ते भाड्याने आणतात. एलीकुट्टी चेडत्ती तशी भाड्याची बायस्टँडर होती. चेडत्ती म्हणजे ख्रिस्ती घरातली वडीलधारी बाई. बाकी तिला वडीलधारी म्हणणारं घरात कुणी नव्हतं. चंगनाश्शेरीच्या एका एजन्सीकडून ती तरुणपणी कामाला लागली आणि मग दुसऱ्यांच्या उशाशीच म्हातारी झाली. लग्न झालं नाही. "होणार होतं," ती सांगायची, "पण तेव्हा मी एका बोटीवरच्या कॅप्टनकडे होते. तो काही मरेना आणि नवरा मुलगा काही थांबेना."

माझी तिची ओळख सुईने झाली. मी त्याच आवारातल्या प्रयोगशाळेत पीएचडी करतो. निदान घरी तसं सांगतो. माझे वडील कोडुंगल्लूरला गलाईचं काम करतात. विट्याकडून आलेल्या आमच्या लोकांचा इथे हाच धंदा. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, आटवायचा आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. मी वडिलांना माझं काम समजावून सांगितलं तेव्हा ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे तूसुद्धा केरच चाळतोस. फक्त सोनं निघत नाही."

काम असं, की अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांचं केमोच्या आधी थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातले मायक्रोआरएनए मोजायचे. केमो कुणाला लागू पडेल आणि कुणाला नाही, हे त्यावरून आधी कळतं का, हा प्रश्न. मी संमतीचा कागद घेऊन तिच्या खाटेपाशी गेलो तेव्हा तिचं ऑपरेशन होऊन पहिली केमो लागायची होती.

"रक्त सकाळीच नेलं की सिस्टरने," ती म्हणाली.

"ते इस्पितळाचं. हे संशोधनासाठी."

"म्हणजे प्रयोग?"

"हो, तसंच."

"उंदीर संपले का तुमचे?"

मी कागदाकडे बघितलं. यावर काय बोलायचं ते कागदात नव्हतं.

"घाबरू नकोस, बरोबर ठिकाणी आलायस. माझं नाव काय लिहिलंय?"

"एलीकुट्टी."

मल्याळममध्ये एली म्हणताना 'ए' ओढला की एलिझाबेथ होते, नाही ओढला की उंदीर. "शाळेत मला एकानेही ओढून हाक मारली नाही," ती म्हणाली आणि दंड पुढे केला. "घे. पण काय शोधणार ते सांगून घे."

मी सांगितलं. पेशीच्या आतून हुकूम सुटतात. वाढ, थांब, आता मर. प्रत्येक हुकुमाची चिठ्ठी होते आणि ती कारखान्यात जाते. मायक्रोआरएनए म्हणजे अगदी आखूड तुकडे. कित्येक वर्षं लोकांना तो केरच वाटत होता. ते स्वतः काही बनवत नाहीत. जाऊन एखाद्या चिठ्ठीला चिकटतात आणि ती चिठ्ठी वाचलीच जात नाही. निरोगी पेशीत हे दाबणं बेताने चालतं. गाठीत तोल बिघडतो. काही तुकडे फार होतात आणि 'थांब', 'मर' या चिठ्ठ्या दाबून धरतात. जे 'वाढ'ला गप्प करायचे, तेच नाहीसे होतात. मग केमो येऊन पेशीला मर म्हणते आणि पेशीला ते ऐकूच जात नाही. औषध तेच, बाटली तीच, पण एका बाईची गाठ विरघळते आणि शेजारच्या खाटेवरची ढिम्म हलत नाही.

"स्वतः काही करत नाहीत, नुसते जवळ जाऊन बसतात, आणि घर त्यांच्यावर चालतं," चेडत्ती म्हणाली. "बायस्टँडरच की रे."

आमच्या सुमंगला मॅडमनी जगभर जाऊन भाषणं केली, पण इतकं थोडक्यात त्यांना कधी आवरता आलं नाही. अर्थात चेडत्तीची व्याख्या परीक्षेत लिहिली असती तर मी नापास झालो असतो, हेही खरं.

तिने त्या तुकड्यांना नावही ठेवलं: कुंजु, म्हणजे लहानगे. "मग माझे कुंजु काय म्हणतात ते कधी कळणार?"

इथे मला कागद वाचून दाखवावा लागला. नळीवर नाव नसतं, आकडा असतो. अभ्यास संपल्यावर सगळ्यांचा मिळून काय तो निष्कर्ष निघतो. एकेकीला वेगळं उत्तर मिळत नाही.

"बरं," ती म्हणाली. चर्चमधल्या अच्चनने, म्हणजे फादरने, उपास धरायला सांगितल्यावर बायका जे 'बरं' म्हणतात, त्यातलं.

त्या पहिल्या केमोच्या वेळी तिच्या फाइलवर बायस्टँडरच्या जागी 'एलिझाबेथ' असं नाव होतं. वॉर्डच्या प्रसन्ना सिस्टर फेरीला आल्या की एलिझाबेथ नेमकी बाहेर असायची. कधी कंजी, म्हणजे पेज, आणायला, कधी औषधाच्या रांगेत, कधी प्रार्थनेला. सिस्टर म्हणायच्या, "काय बाई आहे, एका जागी बसत नाही." चेडत्ती म्हणायची, "पहिल्यापासून तशीच. पायाला भिंगरी." आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका भिंतीकडे तोंड करायच्या.

औषध तेव्हा लागू पडलं. पोटातलं पाणी ओसरलं, रक्तातली कॅन्सरची खूण खाली आली, डोक्यावर करड्या केसांची लव आली. नाताळात तिने माझ्यासाठी प्लम केकचा तुकडा पाठवला. सोबत निरोप: उंदराकडून.

ईस्टरच्या उपासात ती परत आली. पोट पुन्हा भरलं होतं. केमो संपून इतक्या लवकर गाठ परत आली की त्याचा अर्थ डॉक्टरांना माहीत असतो आणि जुन्या बायस्टँडरलाही. जुनं औषध आता फारसं चालत नाही.

पोटातलं पाणी काढायला तिला भरती केलं. त्याच दुपारी प्रसन्ना सिस्टर स्वतः कंजी आणायला कँटीनमध्ये गेल्या आणि त्यांच्या पुढे रांगेत चेडत्ती उभी होती. एका हातात सलाइनचा खांब, दुसऱ्या हातात थर्मास, गळ्यात बायस्टँडरचा पास.

"एलिझाबेथ?" सिस्टरनी विचारलं.

"हो."

"आणि एलीकुट्टी कुठाय?"

"वर झोपलीये," चेडत्ती म्हणाली. "फार थकलीये बिचारी."

सिस्टर तिला घेऊन वर आल्या. मग त्यांनी पास काढून घेतला आणि सांगितलं, पुढचं औषध घ्यायचं असेल तर खरा बायस्टँडर आण. भाड्याने का आणत नाहीस, असंही विचारलं. "भाड्याचा माणूस काय असतो ते मला सांगताय?" चेडत्ती म्हणाली. "पेशंट कण्हतो तेव्हा तो घड्याळ बघतो. मीच बघायचे."

पुढचं औषध म्हणजे दर आठवड्याला एक बाटली, दिवसभराची. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. चार-पाच जणींत एखादीला उपयोग होतो. नाहीतर घरी जा, दुखू नये म्हणून गोळ्या देऊ, गावातले पॅलिएटिव्हवाले येऊन बघतील. ठरवून सांग, म्हणाले.

तिने मला बोलावून घेतलं.

"मोने," ती म्हणाली. मोने म्हणजे बाळा. आमच्या विट्याच्या आत्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं आम्ही आडनाव बदललं. "मोने, मी आजवर काही मागितलं नाही. एवढं एक सांग. हे औषध माझ्यावर चालणार असेल तर घेते. चालणार नसेल तर उगाच शिरा कशाला फोडून घेऊ? माझे कुंजु बघ आणि हो किंवा नाही सांग."

मी सुमंगला मॅडमकडे गेलो. त्या सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाल्या, "नाही."

"मॅडम, निदान कल देता आला तर—"

"अर्ध्या आकड्यांवर कल देतात ते निवडणुकीचे, धनंजयन." इथे सगळ्यांच्या नावाला शेवटी न् लागतो. "आपण नाही म्हटलं आणि तिने औषध सोडलं, आणि तेच तिला चालणारं असलं तर? आपण हो म्हटलं आणि नुसतं विष गेलं तर?" मग डोळा काढून माझ्याकडे बघितलं. "तू तिच्याशी फार बोलतोस का?"

"ती बोलते."

"मग तिच्या नळ्यांना आजपासून हात लावायचा नाहीस. तुझ्या बाजूच्या टेबलावरची निमिषा करेल. आकडाही बदलू, नवा कोणता ते तुला कळता कामा नये."

म्हणजे अख्ख्या इमारतीत तिच्या रक्ताबद्दल ज्याला सगळ्यांत कमी माहिती असणार होती, त्याच्याकडेच ती उत्तर मागत होती. मी वर जाऊन सांगितलं, सांगता येत नाही.

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही."

तिने खिडकीबाहेर बघितलं. खाली इस्पितळाची बस उभी होती आणि तिच्यातून माणसं जोडीजोडीने उतरत होती, एक आजारी, एक पिशवी धरणारा.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उत्तर देता येत नाही ना, मग येऊन बस. लिही तुझं नाव."

"कुठे?"

"एलिझाबेथच्या जागी."

प्रसन्ना सिस्टरनी माझ्याकडे बघून विचारलं, "हा कोण? भाचा?"

"सेट्टु आहे," चेडत्ती म्हणाली. आमच्या गलाईवाल्यांना इथे सेट्टु म्हणतात. "सोनं गाळायला आलाय. मी आहे तोवर बसणार."

सिस्टरनी पास माझ्या गळ्यात घातला.

मग दर मंगळवारी मी तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायला लागलो. बसणं हे काम आहे हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी तीनदा विचारलं, बरं वाटतंय ना. चौथ्यांदा तिने मला थांबवलं. "पेशंटकडे बघायचं नाही. बाटलीकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की त्याला वाटतं आपण हसलं पाहिजे. मरणाला टेकलेली माणसं माझ्यासाठी हसत होती, नवी होते तेव्हा."

तिच्या गोष्टी तिथे ऐकल्या, बाटली ठिबकत असताना. घरांमध्ये तिला नाव नसायचं. "बायस्टँडर, पाणी." "बायस्टँडर, पप्पांना कूस बदला." मुलं परदेशातून व्हिडिओवर यायची आणि तिला फोन म्हाताऱ्याच्या तोंडापुढे धरून ठेवायला लागायचा. हात भरून यायचा. "म्हातारा झोपला तरी खाली घ्यायचा नाही. ती बघत असायची ना." मग कुणीतरी जायचं. विमानं उतरायची, घर भरायचं, आणि दारात रडून झालं की थोरला मुलगा तिला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारायचा, शेवटी काय म्हणाले? बहुतेक जण काहीच म्हणालेले नसायचे. "मी सांगायचे, तुझं नाव घेतलं. एकाच घरात तिघांना वेगवेगळं सांगितलंय. ख्रिस्ती आहे मी, पण ते पाप धरत नाही."

"आणि तुमचं नाव कुणी घेतलं?"

"एका म्हाताऱ्या अम्मच्चीने. तिला मी तिची मुलगी वाटले होते, म्हणजे ते नावही माझं नव्हतंच." ती बाटलीकडे बघत होती. "पण ओ दिली मी."

तिच्या शिरा आता हाताला लागत नव्हत्या. एका मंगळवारी निमिषाने कष्टाने नळी भरली, खाली नेऊन फिरवली, आणि वरचं पिवळं पाणी गुलाबी निघालं. रक्त जोराने ओढलं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांचे स्वतःचे तुकडे बाहेर पडतात आणि मोजणी खोटी होते. अशी नळी टाकून द्यावी लागते. निमिषा पुन्हा सुई घेऊन आली तेव्हा चेडत्तीला कळलं.

"माझं रक्त फेकलंत?"

"गुलाबी होतं, चेडत्ती," निमिषा म्हणाली. "चालत नाही."

"एवढ्या वर्षांत रक्त पहिल्यांदा गुलाबी झालं आणि तेसुद्धा चालत नाही?" तिने दुसरा हात दिला. मग मला म्हणाली, "ती आकडा बघते ना नळीवरचा? तिला विचार."

"विचारणार नाही."

"माहितीये. तुझं तोंड बघायचं होतं."

असं ती दर आठवड्याला एकदा तरी करायची. कधी गमतीत, कधी नाही. उलट्या झाल्या त्या मंगळवारी ती गमतीत नव्हती. टॉवेल तोंडाला धरून म्हणाली, "हे वाया जात असेल तर आत्ता सांग रे. आत्ता उठते." मी बाटलीकडे बघत राहिलो. माझ्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. आणि असतं तर काय केलं असतं, याचा विचार मी स्टुलावर करायचं टाळत असे. तो मी परत जाताना बसमध्ये करत असे.

कर्किडकम महिन्यात, ऐन पावसाळ्यात, स्कॅन झाला. गाठी वाढल्या होत्या. औषध चाललं नव्हतं. डॉक्टर बोलत असताना तिने मान डोलावली, "हो, हो," म्हणाली, जसं काही दुसऱ्या कुणाच्या उशाशी उभी राहून ऐकत होती. शेवटी विचारलं, "पेशंटला कधी नेऊ?"

ती गावी गेली. मंगळवार परत आला तसा मी सवयीने वरच्या मजल्यावर गेलो. स्टुलावर दुसरंच कुणी बसलं होतं, फोनवर क्रिकेट बघत. मी खाली आलो आणि निमिषाच्या बाजूच्या टेबलावर काम करत बसलो.

ओणमच्या आधी आमचा अभ्यास संपला. मॅडमनी आकडे उघडले, म्हणजे कुठल्या आकड्याच्या बाईवर औषध चाललं आणि कुठलीवर नाही एवढेच. नावं त्यांच्याच कपाटात राहिली. पडद्यावर ठिपके आले. वर एक गर्दी, खाली एक गर्दी, मध्ये थोडे भरकटलेले. मॅडम खूश होत्या. त्या आठवड्यात मी चंगनाश्शेरीची गाडी पकडली आणि तिथून तिच्या गावाची.

घर मोठं होतं, तिच्या दिवंगत भावाचं. भाचा आयर्लंडमध्ये नर्स आहे. बाहेर गुळगुळीत फरशी, आत कुलूपबंद खोल्या. मी फाटक उघडलं तर खांबावरचा कॅमेरा मल्याळममध्ये बोलला, "कोण हवंय?"

मी कॅमेऱ्याला नाव सांगितलं.

"आंटी मागे आहे, स्वयंपाकघराशेजारी. चप्पल बाहेर काढा."

ती मागच्या खोलीत होती, जिथे इतर घरांमध्ये नारळ खवतात. खाट तिथेच लावून घेतली होती. हात काठीसारखे, पोट मोठं. "भेटलास ना जोबिनला?" ती म्हणाली. "माझा बायस्टँडर. खांबावर लावलाय. तो तिकडे आयरिश म्हाताऱ्यांच्या कुशी बदलतो आणि मधल्या सुट्टीत माझं फाटक बघतो." पॅलिएटिव्हची माणसं शुक्रवारी येत, शेजारची बाई सकाळी कंजी ठेवून जाई. मी पळम्पोरी, म्हणजे केळ्याची भजी, नेली होती. तिने तुकडा तोडला, चाखला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. सिस्टर कशा आहेत. निमिषाचं लग्न ठरलं का. मग ती म्हणाली, "आता तर उघडलं असेल सगळं."

"उघडलं."

"मग?"

"तुमची नळी कोणती ते मला अजून माहीत नाही. पण ज्यांच्यावर औषध चाललं नाही, त्यांतल्या बहुतेकींच्या कुंजुंचं वळण पहिल्या दिवसापासूनच निराळं होतं."

"म्हणजे आधी कळलं असतं."

"कदाचित. अजून दुसऱ्या इस्पितळांत पडताळून बघायचं आहे. आणि त्या वळणाच्या असूनही एक-दोघींना औषध चाललं."

तिने हे नीट ऐकलं. बाहेर कोंबडी पत्र्यावर चढायला बघत होती आणि घसरत होती.

"मला आधी सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, असं वाटतं तुला?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते खरी." तिने पदराने ओठ पुसले. "घेतलंच असतं."

"का?"

"दर मंगळवारी फुकटचा बायस्टँडर कुठे मिळतो?"

ती हसली नाही. मी उरलेली पळम्पोरी खायला लागलो. ती थंड झाली होती.

"चारची गाडी घे," ती म्हणाली. "पुढची फार उशिरा आहे. आणि जाताना फाटक ओढून घे, नाहीतर आयर्लंडमधून ओरडा बसेल."

मी हो म्हटलं. ती भिंतीकडे वळली. चारची गाडी वळणावर हॉर्न देत आली, थांबली, आणि गेली. तिने मान वळवून मी अजून आहे का, ते बघितलं. मग डोळे मिटून घेतले.